चिपळूणची पेठ: पूररेषेत राहूनच धंदा वाढवायचा तर आधी काय मागावं?

पेढीवाला:
मंडळी, चिपळूणच्या पेठेत आमचं कापडाचं दुकान आहे, आजोबांनी घातलेलं. 22 जुलै 2021 ला पुराचं पाणी पंख्याच्या पात्यांना लागलं. नंतर गठ्ठे फोडले तर गणवेशाच्या कापडाच्या मधल्या घडीतही गाळ होता. 2005 च्या पुरानंतर वडील उभे राहिले, तसे आम्हीही राहिलो. पण शेजारचे दोघे महामार्गाकडेला गेले.

मला जायचं नाही. पेठेत आलेलं गिऱ्हाईक सोनाराकडून माझ्याकडे येतं, माझ्याकडून शिंप्याकडे जातं, वाणसामान घेऊन स्टँड गाठतं. महामार्गावर गाडी थांबते ती एकाच दुकानापुढे.

व्यापाऱ्यांच्या बैठकीत सध्या पेव्हर ब्लॉक आणि शोभेचे दिवे यांचीच चर्चा आहे. ते सगळ्यात शेवटी यावं असं माझं ठाम मत आहे. मग आधी काय मागावं? आणि पूररेषेतली जुनी इमारत पाडून नवी बांधता येते का? आमचा गाळा पागडीचा आहे, म्हणजे एकरकमी पैसे देऊन घेतलेला जुना भाडेपट्टा; मालक पुण्याला असतात.

रेखाटन:
मी सांगलीत घरांचे-दुकानांचे नकाशे करतो, म्हणजे पूररेषा रोजचीच. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. राज्याच्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात बांधकाम मिळतं, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर, म्हणजे दीड फूट वर. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम नाही. जुनी अधिकृत इमारत असेल तर तिचा पुनर्विकास त्याच उंचीच्या अटीवर होऊ शकतो. तेव्हा आधी जुनी परवानगी आणि घरपट्टीचे कागद शोधा.

खरी अडचण पुढे आहे. एकेकट्याने बांधलं तर एक दुकान रस्त्यावर आणि शेजारचं माणसाच्या डोक्याच्या वर. साडी बघायला आलेली आजी किती जिने चढणार? म्हणून सलग गाळ्यांचा एकच आराखडा करा: वर सगळ्यांच्या पुढून जाणारा रुंद सज्जा, समाईक जिने आणि एक रॅम्प, खाली खांबांवर मोकळी जागा. पागडीचं म्हणाल तर नव्या इमारतीत तुम्हाला किती चौरस फूट मिळणार ते नोंदणीकृत करारात लिहून घ्या, मगच भिंतीला कुदळ लावू द्या.

भाजीवालीची लेक:
दादा, ती खालची जागा सगळी गाड्यांना देऊ नका. माझी आई पेठेत भाजी विकते. पाणी चढायला लागलं की टोपली आणि ताडपत्री उचलून ती निघू शकते, तुमचे गठ्ठे नाही निघत. म्हणजे खालच्या पातळीवर बसायला योग्य धंदा तिचाच आहे. 2014 च्या पथविक्रेता कायद्यात लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायची तरतूद आहे. 2011 च्या जनगणनेत शहर सुमारे 55 हजारांचं, म्हणजे पावणेचौदाशे जण. शहर फेरीवाला समितीत 40 टक्के सदस्य विक्रेत्यांचेच असतात. तुमच्या बैठकीत त्यांनाही बोलवा.

गोवळकोटकर:
वर सह्याद्रीत पाऊस कोसळत असतो, त्यात कोळकेवाडी धरणाचं पाणी, खाली खाडीला भरती. वाशिष्ठी नदी फुगली की शिवनदीला पाणी ओतायला वाट राहत नाही आणि ते पेठेत शिरतं. म्हणून दरवर्षी पावसाळ्याआधी गाळ काढणं आणि गटारांची पातळी मोजणं, ही पहिली मागणी. दुसरी, रस्ता करताना जुना थर खरवडूनच नवा टाकावा. थरावर थर चढत गेले की दुकानाचा उंबरठा रस्त्याच्या खाली जातो आणि साध्या सरीलाही पाणी आत येतं.

पेढीवाला:
ताई, तुमचा मुद्दा मला सुचलाच नसता, पुढच्या बैठकीचा निरोप विक्रेत्यांना देतो. आमच्या रांगेतले बहुतेक गाळेवाले एकत्र आराखड्याला तयार आहेत. पण मधोमधचा एक गाळा वारसांच्या वादात अडकलाय. तो सोडून जमेल का?

रेखाटन:
जमेल. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन स्वतंत्र इमारती घ्या, दोन्हीकडे जिना द्या आणि सज्जाची पातळी एकच ठेवा, म्हणजे वाद मिटल्यावर मधला भाग जोडता येईल. मात्र जुन्या इमारतीची समाईक भिंत असेल तर पाडण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या.