मदत हवी आहे: गुडघा बदलून सात आठवडे, पण तोल सावरत नाही

रुग्ण ६८ वर्षांच्या बाई. उजव्या गुडघ्याचं सांधेरोपण. गुडघा ११० अंशांपर्यंत वाकतो, टाचेखाली उशी ठेवली की पूर्ण सरळही होतो. मात्र झोपून पाय सरळ उचलायला सांगितला की १० अंश वाकलेलाच राहतो. म्हणजे सांधा आखडलेला नाही, मांडीचा पुढचा स्नायू कमी पडतोय. जखम कोरडी, सूज किरकोळ, पोटरी मऊ.

खुर्चीतून उठून ३ मीटर जाऊन परत बसायला १६ सेकंद लागतात. उजव्या पायावर जेमतेम ४ सेकंद उभ्या राहतात. १० सेंमीची पायरी चढतात. उतरताना डावीकडची कंबर खाली जाते, त्यामुळे उजव्या खुब्याच्या बाजूचा स्नायूही कच्चा असावा.

सध्या उंच खुर्चीतून ऊठबस ८ चे ३ संच, कुशीवर झोपून पाय बाजूला उचलणं, आणि ओट्याला धरून एका रेषेत पावलं ठेवून ३० सेकंद उभं राहणं. त्या उठताना भार डाव्या पायावर ढकलतात (हे सगळेच करतात म्हणा), म्हणून डावं पाऊल थोडं पुढे ठेवायला लावलंय.

प्रश्न असे: १० अंशांची ही कसर भरण्याआधी फोमवरचे (मऊ गादीवर उभं राहून करायचे तोलाचे) व्यायाम सुरू करावेत का? स्नायूला विद्युत उत्तेजना इतक्या उशिरा देऊन कुणाला फरक दिसलाय का? आणि घरी दोन मजले, जिन्याला एकाच बाजूला कठडा. काठी नेमकी कधी सोडवता?