‘वाड्यातली मंडळी’ ग्रुप: ईराच्या अर्जाचं काय करायचं

शनिवार, ११ ऑक्टोबर २०२५

मनीषा (एडिसन): नमस्कार सगळ्यांना. घरातलं बोलणं ग्रुपवर आणायचं नव्हतं, पण आमच्या दोघांचं एकमत होत नाहीये आणि तारीख अंगावर आली आहे. १ नोव्हेंबरला अर्ज बंद. सचिनचं म्हणणं, ईराने ब्राउन विद्यापीठाला अर्ली डिसिजनने अर्ज करायचा. म्हणजे डिसेंबरात प्रवेश मिळाला की तिथेच जायचं, बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे. त्या कागदावर ईराची, आमच्यापैकी एकाची आणि शाळेच्या काउन्सेलरची सही लागते. मी माझी केलेली नाही. सायली, तू यातून गेली आहेस. मोकळेपणाने सांग.

बेबीआत्या (नाशिक): शुभ सकाळ 🙏🌺 ईरा कुठे चालली?

सचिन (एडिसन): मनीषा, हे इथे कशाला? असो. टाकलंच आहेस तर आकडेही असू देत. गेल्या हंगामात ब्राउनला अर्लीचे ५,०४८ अर्ज, ९०६ प्रवेश. शेकडा अठरा. मार्चमध्ये निकाल लागणाऱ्या नेहमीच्या (रेग्युलर) फेरीत शेकडा चारच्या आसपास. चौपट संधी कोण सोडतं?

प्रसाद (ठाणे): आम्हाला अठरा टक्के फक्त जीएसटीत माहीत 😄

विवेक (पुणे): प्रसाद, थांब जरा. सायली, हे बांधून घेणं नक्की कसं असतं? अर्णव बारावीत आहे, आम्हीही तिकडचं बघतोय.

सायली (बॉस्टन): विवेककाका, अकरावीचा ऑनलाइन प्रवेश आठवा. पहिला पसंतीक्रम मिळाला तर घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. तसंच हे. पण तिथे कॉलेजची फी आधीच माहीत असते. इथे सही आधी, आणि आपल्याला नक्की किती भरायचे ते प्रवेशाच्या पत्राबरोबर कळतं. मनीषाकाकू, मी तुमच्या जागी असते तर सही अडवूनच धरली असती. टक्क्यांकडे नंतर येते, आधी एक सांगा, ब्राउनच्या साइटवर आपल्याला किती भरावे लागतील याचा अंदाज देणारा नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, तो भरलात का?

मनीषा (एडिसन): अर्धा भरलाय. का अर्धा, ते सांगते.

सचिन (एडिसन): अगं पण ५,०४८ मधून ९०६. हे बघ ना आधी.

सायली (बॉस्टन): काका, त्या ९०६ मध्ये ब्राउनच्या तीसहून जास्त संघांसाठी कोचने आधीच हेरलेले खेळाडू आहेत. ज्यांचे आईवडील ब्राउनचे, ती मुलंही बरीचशी याच फेरीत येतात. ईरा कुठल्याच संघात नाही, तुम्ही शिकलात रटगर्स विद्यापीठात. ही मंडळी बाजूला काढली तर तिच्यासाठी अठरा टक्के उरत नाहीत. थोडा फायदा तरीही असतो, कारण प्रवेश दिला की मूल येणारच याची कॉलेजला खात्री मिळते. पण चौपट म्हणू नका.

सचिन (एडिसन): थोडा तर थोडा. फायदा आहे ना?

बेबीआत्या (नाशिक): ब्राउनला आठ वर्षांत डॉक्टर करतात म्हणे. माझ्या भिशीतल्या एकीची भाची तिकडे आहे. ईरा डॉक्टर होणार का?

मनीषा (एडिसन): नाही आत्या. तिला भाषाशास्त्र आणि कॉम्प्युटर सायन्स दोन्ही करायचंय. ब्राउन तिला आवडलंय ते त्यासाठीच. १९६९ पासून तिथे ओपन करिक्युलम आहे, सगळ्यांना सक्तीचे विषय नाहीत. एप्रिलमध्ये आम्ही ब्राउनच्या गावी, प्रॉव्हिडन्सला जाऊन आलो. ती एका तासाला मागे बसली होती, बाहेर आली ती बोलतच सुटली. पण आवडलं का असं विचारलं की हो म्हणते, आणि तिथेच जायचं का म्हटलं की गप्प होते. सतरा वर्षांच्या मुलीला ऑक्टोबरात हे नक्की ठरवायला लावायचं का, हा माझा एक प्रश्न आहे. दुसरा पैशांचा.

शैलावहिनी (पुणे): मनीषा, फराळाच्या पार्सलचं काय? कुरियरवाला म्हणतो सोमवारपर्यंत द्या, नाहीतर दिवाळीनंतर पोचेल. अनारसे घालू का, फुटतील का?

प्रसाद (ठाणे): वहिनी, ठाण्याला काहीच फुटत नाही. इकडे पाठवा.

मनीषा (एडिसन): वहिनी, चकली आणि कडबोळी पुरे. अनारसे ईरा खात नाही. 🙏

नंदूदादा (पुणे): कॅल्क्युलेटर अर्धा का राहिला?

मनीषा (एडिसन): दादा, तेच लिहिणार होते. त्यात पगार, बचत, आम्ही राहतो ते घर एवढंच विचारत नाहीत. दुसरीकडे कुठे मालमत्ता आहे का तेही विचारतात. पुढे कॉलेजच्या आर्थिक मदतीसाठी सीएसएस प्रोफाइल नावाचा मोठा फॉर्म आहे, त्यातही तेच. पेठेतल्या वाड्याच्या प्रॉपर्टी कार्डावर सचिनचं नाव आहे. बिल्डरशी करार झाला, पण सचिनच्या वाट्याला किती चौरस फूट, आजची किंमत काय धरायची, यातलं काहीच आमच्याकडे नाही. मी गणपतीत विचारलं होतं.

नंदूदादा (पुणे): म्हणजे विषय वाड्यावर आला तर.

सचिन (एडिसन): दादा, तसं नाही. मनीषा, हे खरंच वेगळं बोलायला हवं होतं.

नंदूदादा (पुणे): नाही, बोला ना. मी चार वर्षं महापालिका, बिल्डर, भाडेकरू, वकील यांच्या पायऱ्या झिजवतोय. तेव्हा कुणाला चौरस फूट आठवले नाहीत.

विवेक (पुणे): दादा, तुमच्या कष्टांबद्दल कुणालाच शंका नाही.

प्रसाद (ठाणे): शंका नाही, पण बिल्डरकडून येणाऱ्या भाड्याचा हिशेब एकदा ग्रुपवर येऊ दे. सहज म्हटलं.

नंदूदादा (पुणे): ‘हा संदेश काढून टाकला आहे’

शैलावहिनी (पुणे): बोलायला नको, पण बोलते. सायली गेली तेव्हा तिकडच्या कर्जाला अमेरिकेतला सहकर्जदार लागत होता. किती जणांना विचारलं होतं ते मला पाठ आहे. शेवटी इथे घर गहाण टाकून बँकेचं कर्ज काढलं. ईराचं चांगलं व्हावं हीच इच्छा आहे, पण आमच्या मुलीच्या वेळी एवढी चर्चा झाली नव्हती.

सचिन (एडिसन): वहिनी, तेव्हा माझं ग्रीन कार्ड अडकलं होतं. कित्येकदा सांगितलंय.

सायली (बॉस्टन): आई, प्लीज. ते कर्ज मी फेडतेय आणि माझी तक्रार नाही. बाबा, तुम्हीही. मनीषाकाकूंनी वाडा मागितलेला नाही, आकडा मागितलाय. तो का लागतो ते ऐका. इथल्या मदतीच्या हिशेबात पालकांच्या मालमत्तेतला वाटा दर वर्षी धरतात. सरकारी सूत्रात तो सगळ्यात वरच्या पायरीला पाच टक्क्यांच्या थोडा वर जातो. कॉलेजांची स्वतःची सूत्रं वेगळी असतात, पण मालमत्ता तीही बघतात. पेठेतल्या जागेचे भाव तुम्हाला माहीत आहेत. कागदावर काका श्रीमंत, हातात एक रुपया नाही. वाडा सोडून कॅल्क्युलेटर भरला तर एक आकडा येईल, आणि सही झाल्यावर खऱ्या कागदांवर दुसराच येईल. चार वर्षांत हा फरक केवढा होतो बघा. ब्राउनचा एकूण खर्च वर्षाला नव्वद हजार डॉलरच्या वर आहे. रटगर्स तुमच्या न्यू जर्सीचं सरकारी विद्यापीठ, तिथल्या मुलांना ते त्याच्या निम्म्याहून कमीत पडतं.

विवेक (पुणे): नव्वद हजार डॉलर? वर्षाला?

प्रसाद (ठाणे): अर्णवला सीओईपीला घाल बाबा.

बेबीआत्या (नाशिक): भांडू नका रे. ईराचे आजोबा, आमचे दादा असते तर वाईट वाटलं असतं त्यांना. 🙏🙏

रविवार, १२ ऑक्टोबर

प्रसाद (ठाणे): एक सुचवू का? अर्लीला सही करून टाका. प्रवेश मिळाला आणि परवडलं नाही तर नाही म्हणा. कोर्टात थोडेच खेचणार?

सायली (बॉस्टन): कोर्टात नाही खेचणार. मदत मागितली असेल आणि दिलेली मदत खरोखर पुरत नसेल तर सुटता येतं, तसं त्या करारातच लिहिलंय. पण मनात नाही म्हणून मागे फिरलं तर शाळेला भोगावं लागतं. काउन्सेलरची सही असते ना. याच वर्षी ट्युलेन विद्यापीठाने कोलोरॅडोतल्या एका शाळेच्या मुलांना वर्षभर अर्ली डिसिजन बंद केलं, कारण आधीच्या वर्षी त्या शाळेतलं एक मूल शब्द देऊन फिरलं होतं. ईराच्या मागच्या वर्गातल्या मुलांनी काय केलंय?

मनीषा (एडिसन): आमच्या काउन्सेलरबाईही हेच म्हणाल्या. मनात पक्कं नसेल तर माझी सही मागू नका, असं स्पष्ट बोलल्या. मला आवडलं ते.

सचिन (एडिसन): सगळे धोकेच सांगताय. तिच्या वर्गातली निम्मी मुलं कुठे ना कुठे अर्ली करतायत. पेन विद्यापीठ तर वर्गाचा अर्धा भाग अर्लीतच भरतं. ती मार्चपर्यंत थांबली आणि सगळीकडून नकार आला तर? परत सांगतो, ५,०४८ मधून ९०६.

प्रसाद (ठाणे): सचिन, हा आकडा आता मलाही पाठ झालाय.

सायली (बॉस्टन): काका, तुमची भीती मला समजते. म्हणून सांगते, थांबणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. रटगर्सला अर्ली अ‍ॅक्शन आहे, १ नोव्हेंबरचीच तारीख, काही बांधून घेत नाहीत, ३१ जानेवारीपर्यंत उत्तर. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड यांची अर्लीसुद्धा न बांधणारी आहे. त्यांची अट एवढीच की दुसऱ्या खासगी कॉलेजला अर्ली करायचं नाही, सरकारी विद्यापीठं चालतात. तिथे प्रवेश मिळाला तरी १ मेपर्यंत सगळ्यांची पत्रं शेजारी ठेवून ठरवता येतं. आणि २००६ साली हार्वर्ड आणि प्रिन्स्टनने अर्ली बंदच केली होती, कारण तिचा फायदा सुखवस्तू घरातल्या मुलांना होतो हे त्यांनाच दिसत होतं. बाकीच्यांनी बंद केली नाही, म्हणून २०११ मध्ये दोघांनी परत सुरू केली. मुलांच्या सोयीसाठी ही पद्धत निघालेली नाही. आपण आपली सोय बघायची.

विवेक (पुणे): आणि अर्णवसारख्या इथून अर्ज करणाऱ्यांचं?

सायली (बॉस्टन): ते आणखी कडक आहे. भारतातल्या मुलाने मदत मागितली तर पेन, कॉर्नेल, कोलंबिया, स्टॅनफर्ड अशा बऱ्याच ठिकाणी प्रवेश देतानाच ते बघितलं जातं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, अ‍ॅमहर्स्ट कॉलेज बघत नाहीत. ब्राउनने बाहेरच्या मुलांसाठी ते यंदाच्या नव्या वर्गापासून थांबवलं, माझ्या वेळी बघायचे. पण आधी न मागता प्रवेश घ्यायचा आणि मग मागू, असं करू नका. सहसा देत नाहीत.

मनीषा (एडिसन): सायली, ईराच्या मार्कांचं पण सांग ना. अकरावीत फिजिक्सला बी आली होती. या सत्रात सगळीकडे ए आहे, पण अर्लीच्या अर्जात ते नीट दिसणार नाही.

सायली (बॉस्टन): हे मी लिहिणारच होते. जिचा आलेख चढतोय तिने शक्यतो जानेवारीच्या अर्जापर्यंत थांबावं, तेव्हा पहिल्या सत्राचे मार्क कॉलेजपर्यंत पोचतात. शिवाय परवा तिने मला निबंध पाठवला. आजोबा तिला फोनवर कोकणी म्हणी सांगायचे आणि ती त्या वहीत रोमन लिपीत लिहून ठेवायची, तो परिच्छेद वाचून मी थांबलेच. बाकीचा भाग मात्र घाईघाईत झालाय. दोन आठवड्यांत तो नीट होणार नाही, दोन महिन्यांत होईल.

बेबीआत्या (नाशिक): दादांच्या म्हणी? अगं बाई. मला पाठव तो.

शैलावहिनी (पुणे): मलाही. मनीषा, चकली भरली. थोडे अनारसे पण घातलेत, सचिनभाऊजींना आवडतात.

सचिन (एडिसन): वहिनी 🙏

गुरुवार, १६ ऑक्टोबर

नंदूदादा (पुणे): मनीषा, कराराची प्रत, प्रॉपर्टी कार्डाचा उतारा आणि आपल्या वकिलांनी काढलेली सचिनच्या वाट्याची किंमत, तिन्ही तुला ईमेल केलंय. ताबा अजून नाही, तीही तारीख त्यात आहे. भाड्याचा हिशेबही जोडलाय. प्रसाद, तुलाही पाठवलाय.

प्रसाद (ठाणे): दादा, मिळाला. चोख आहे.

मनीषा (एडिसन): दादा, मनापासून आभार. आजच रात्री भरते. ताबा नसलेली जागा कशी दाखवायची ते ब्राउनच्या मदत कार्यालयाला ईमेल करून विचारते.

सचिन (एडिसन): भरून झाला. आम्ही दोघांनी बसून भरला. आकडा इथे लिहीत नाही. मी धरून चाललो होतो त्याच्या बराच वर आहे. वाड्याचा वाटा त्यात दिसतोच आहे.

सायली (बॉस्टन): मग काका?

सचिन (एडिसन): ईराशी बोललो. ब्राउनला जानेवारीत रेग्युलरमध्ये करायचं. रटगर्स आणि मॅसॅच्युसेट्सचं सरकारी विद्यापीठ (अ‍ॅमहर्स्ट) अर्ली अ‍ॅक्शनला पाठवतोय, या दुसऱ्याचं भाषाशास्त्र नावाजलेलं आहे असं तिनेच दाखवलं. माझं मत अजूनही हेच आहे की अर्लीत संधी जास्त होती. पण किती भरायचे ते न कळता मी सही करणार नाही, आणि मनीषाला करायला लावणार नाही.

नंदूदादा (पुणे): ठीक.

विवेक (पुणे): सायली, अर्णव रविवारी रात्री नऊला मोकळा आहे, आपल्या वेळेने. त्याचीही कॉलेजं एकेक करून बघशील का? कॅल्क्युलेटर आम्ही दोघं आधी भरून ठेवतो.

सायली (बॉस्टन): चालेल काका. गेल्या वर्षीचं आयकर विवरणपत्र आणि फ्लॅटची कागदपत्रं जवळ ठेवा. आणि अर्णवला कॉलवर बसवा, फक्त तुम्ही नको.