शब्दचर्चा : ‘हाय सीज फिशरीज’ला मराठीत काय म्हणावं?

पारिजात : एका कराराच्या मसुद्याचं मराठी करायचं आहे. ‘हाय सीज फिशरीज’साठी ‘खोल समुद्रातील मासेमारी’ चालेल का? ‘स्ट्रॅडलिंग स्टॉक’ आणि ‘आययूयू’ (इल्लीगल, अनरिपोर्टेड, अनरेग्युलेटेड मासेमारी) हेही अडलं आहे.

गलबत : ‘खोल’ अजिबात नको. इथे प्रश्न खोलीचा नाही, हद्दीचा आहे. किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपर्यंत त्या त्या देशाचं अनन्य आर्थिक क्षेत्र असतं, आणि त्याच्या पलीकडचं पाणी म्हणजे हाय सीज. किनाऱ्यापासून 30 मैलांवर पाणी हजार मीटर खोल असू शकतं. उलट कॅनडात न्यूफाउंडलंडजवळच्या ग्रँड बँक्स या समुद्रपट्ट्याचं ‘शेपूट’ 200 मैलांबाहेर आहे, तरी ट्रॉलचं (जहाजामागे ओढायचं) जाळं सहज तळाला लागावं इतकं उथळ आहे. शिवाय ‘डीप सी फिशिंग’ ही वेगळीच गोष्ट आहे, समुद्रातल्या बुडालेल्या डोंगरांवरची वगैरे. ‘खोल’ हा शब्द तिच्यासाठी राखून ठेवा.

जाता जाता : अनन्य आर्थिक क्षेत्राला बरेच जण ‘विशेष आर्थिक क्षेत्र’ लिहितात. ते कारखान्यांचं!

दीपस्तंभ : मग ‘खुला समुद्र’ की ‘मुक्त समुद्र’? दोन्हींत ‘कुणीही यावं, हवं ते न्यावं’ असा वास येतो.

गलबत : वास येतो खरा, पण मूळ इंग्रजी संकल्पनेतही तो होताच, आणि गेली काही दशकं तो काढण्याचंच काम चालू आहे. 1982च्या सागरी कायद्याच्या कराराने मासेमारीचं स्वातंत्र्य दिलं ते अटींसकट. माशांच्या साठ्यांचं जतन करायचं आणि त्यासाठी इतर देशांशी सहकार्य करायचं, या त्या अटी. 1995चा मत्स्यसाठा करार (लागू डिसेंबर 2001) पुढे गेला. त्याच्या कलम 8 प्रमाणे जो देश प्रादेशिक मत्स्यव्यवस्थापन संस्थेचा (त्या भागातल्या मासेमारीचे नियम ठरवणाऱ्या देशांच्या संस्थेचा) सदस्य आहे, किंवा तिचे नियम पाळायला तयार आहे, त्यालाच त्या साठ्याला हात लावता येतो.

गोम अशी की हे बंधन करारात सामील झालेल्या देशांनाच. जहाजाला परवाना देतं ते ध्वजराष्ट्र, म्हणजे जहाज जिथे नोंदलेलं आहे तो देश, आणि ध्वज बदलणं अवघड नसतं. शिवाय सदस्य असलेला देशही आक्षेप नोंदवून सुटू शकतो. हिंदी महासागर ट्यूना आयोगात दोन-तृतीयांश बहुमताने ठरलेला नियमसुद्धा 120 दिवसांत आक्षेप घेणाऱ्याला लागू होत नाही. म्हणून मी ‘खुला समुद्र’ लिहीन आणि पहिल्या उल्लेखाला ‘कोणत्याही देशाच्या हद्दीत नसलेला’ असं जोडीन. ‘मुक्त’ मला जास्तच मोकाट वाटतो.

एक खाच : खुलेपणा पाण्याला आहे, तळाला नाही. भूखंडमंच (किनाऱ्याच्या जमिनीचा समुद्राखाली पसरलेला भाग) 200 मैलांबाहेर गेला असेल, तर त्या तळावरचे खेकडे किनारी देशाचेच. वर पोहणारा मासा मात्र खुल्या समुद्रातला.

पारिजात : आणि ‘स्ट्रॅडलिंग’? शब्दकोशात ‘दोन्हीकडे पाय टाकून उभा’ आहे.

दीपस्तंभ : ‘सामायिक साठा’ लिहा की.

गलबत : नाही, तो दुसरा प्रकार. दोन देशांच्या क्षेत्रांत वाटलेला साठा तो सामायिक. एका बाजूला देशाचं क्षेत्र आणि दुसऱ्या बाजूला खुला समुद्र, तर तो स्ट्रॅडलिंग. मी ‘दुहद्दी साठा’ सुचवीन. बेरिंग समुद्राच्या मधोमध अमेरिका आणि रशिया यांच्या क्षेत्रांनी वेढलेला ‘डोनट होल’ नावाचा खुला तुकडा आहे. तिथे 1980च्या दशकाच्या अखेरीस पोलॉक माशाची पकड वर्षाला दहा लाख टनांच्या वर गेली आणि काही वर्षांत साठा कोसळला. तिथल्या पोलॉकसाठी 1994चा करार झाला तो त्यानंतर. आत कितीही शिस्त पाळा, बाहेर उपसा चालू राहिला की झालं!

पारिजात : आययूयूचे तीन शब्द ‘बेकायदा, नोंद नसलेली, अनियमित’ असे ठेवले आहेत.

गलबत : पहिला बरोबर. दुसऱ्यात खोटी नोंदही येते, तेव्हा ‘न कळवलेली वा चुकीची कळवलेली’ असा खुलासा द्या. ‘अनियमित’ मात्र काढा, तो ‘कधीतरी होणारी’ असा वाचला जातो. इथे अर्थ आहे, नियम लागूच होत नाही अशी : बिनध्वजाचं जहाज, संस्थेबाहेरच्या देशाचं जहाज, किंवा ज्या साठ्यावर कुणी नियमच केलेला नाही तो. ‘अनियंत्रित’ लिहा.

मसुद्यात पकडीचे आकडे असतील तर ‘लाइव्ह वेट’ जपून. ते ‘ताजं वजन’ नव्हे, अख्ख्या माशाचं वजन. ट्यूना कल्ले-आतडी काढून गोठवतात आणि काट्यावर तेच वजन भरतं, पण कोटा मोजतात अख्ख्या वजनावर. समजा रूपांतर-गुणक 1.13 आहे, तर गोठवलेले 100 टन म्हणजे कोट्यातून 113 टन वजा. भर समुद्रात माल दुसऱ्या जहाजावर चढला आणि एका कागदावर हे वजन, दुसऱ्यावर ते असलं, की बंदरावरचा निरीक्षक 13 टन शोधत बसतो. माल चोरीचा आहे की भाषांतर चुकलं, ते त्याला कागदावरून कळत नाही.

दीपस्तंभ : मग ‘अख्खं वजन’ असंच लिहावं. सुटसुटीत आहे.