शिक्षण कायद्याच्या परिषदेला जातेय, काय विचारू?

शिलाईवाली_अध्यक्ष: नमस्कार. मी जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्ष. शिक्षण सातवी, शिलाईचं काम करते. शनिवारी जिल्ह्याला शिक्षण कायद्यावर परिषद आहे, मलाही बोलावलंय. आमच्याकडे बैठक म्हणजे वही घरी येते, मी मशीनवरनं उठून सही करते. तिथं वकील, अधिकारी असणार. विचारू तरी काय?

निवृत्त_गुरुजी: ताई, आधी ती वही थांबवा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २१ वाचून जा. समितीत किमान तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा समितीनं करायचा, अनुदान कुठं खर्च झालं तेही तिनंच बघायचं. (अशा वह्या मीही फिरवल्यात. आता लाज वाटते.)

कोर्टकचेरी: चर्चा बहुतेक खासगी शाळांत दुर्बल, वंचित घरांतल्या मुलांसाठी राखीव असलेल्या २५ टक्के प्रवेशांवरच रंगेल. सरकारी वा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असली तर खासगी विनाअनुदानित शाळेला त्यातून सूट, असा बदल राज्यानं फेब्रुवारी २०२४ मध्ये केला होता. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो रद्द केला. ऐकून घ्या, पण तुमचा प्रश्न साधा ठेवा: आराखडा दिल्यावर त्याचं पुढं काय होतं?

शिलाईवाली_अध्यक्ष: आराखडा? आज शाळेत जाऊन मागितला. कपाटाची किल्ली सापडेना म्हणाले. उद्या परत जाते.