दांड्या पूर्ण, तरी नेट हळू का?

मोबाईलवर वायफायच्या सगळ्या दांड्या दिसतात तरी व्हिडिओ अडकतो, हे कसं, असा प्रश्न पडतो. त्या दांड्या फक्त राउटरकडून येणाऱ्या रेडिओलहरींचा जोर सांगतात. राउटरपर्यंत वायरने येणारं इंटरनेट कसं चाललंय, याचा त्यांना पत्ताच नसतो. लॅपटॉप वायरने राउटरला जोडून स्पीड बघा. तिथेही रडतच असेल तर दोष वायफायचा नाही.

तिथे ठीक असेल तर मात्र गर्दी तपासा. एका चॅनलवर (म्हणजे वायफायच्या लहरींच्या एका ठरावीक मार्गिकेवर) एका वेळी साधारण एकच उपकरण बोलू शकतं. बाकीची कानोसा घेतात, चॅनल मोकळा वाटला की क्षणभर थांबून डेटा पाठवतात. या रांगेत शेजाऱ्यांचे राउटरही आले! वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ या रेडिओलहरींच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच धरतात: १, ६ आणि ११. ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात. मोठ्या सोसायटीत काय होणार, सांगायला नको.

वायफायच्या दुसऱ्या, ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चॅनल बरेच जास्त, पण भिंतीतून जाताना त्या लहरी लवकर क्षीण होतात. म्हणून राउटर कृपया टीव्हीमागच्या कपाटात कोंबू नका. घराच्या मध्यावर, उंच ठेवा. टीव्ही जवळ असेल तर त्याला सरळ राउटरपासून लॅनची (नेटवर्कची) वायर द्या, बाकीच्यांना तेवढाच चॅनल मोकळा मिळतो.