मदत हवी आहे: निपाणीत सुरू झालेले क्षयाचे उपचार गडहिंग्लजला पुढे चालू ठेवता येतील का?

माझ्या आईचे वय 58 असून तिची उभी हयात निपाणीच्या तंबाखू वखारीत गेली. त्यामुळे दीड महिना खोकला हटला नाही, तरी खकाण्याचा खोकला आहे असे म्हणत आम्ही तो तिला अंगावर काढू दिला. वजन 41 किलोवर आले तेव्हा सरकारी दवाखान्यात नेले. पहिल्या डबीत तिने नुसती थुंकी दिली होती. मग आशाताईंनी छातीतून खाकरून बेडका कसा काढायचा ते दाखवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दिलेल्या नमुन्यात, ट्रूनॅट तपासणीत, क्षय निघाला. रिफॅम्पिसिन हे क्षयावरचे मुख्य औषध लागू पडते असा निकाल असल्याने सहा महिन्यांचे उपचार ठरले: पहिले 2 महिने चार औषधे, पुढचे 4 महिने तीन. लघवी भगवी झालेली पाहून तिने घाबरून दोन दिवसांच्या गोळ्या उशीखाली दडवल्या होत्या. तो औषधाचाच रंग आहे हे कळल्यापासून रोजच्या 3 गोळ्या माझ्यासमोर घेते.

आता तिसरा आठवडा चालू आहे. धाकटी बहीण गडहिंग्लजला दिली असून ती पुढच्या महिन्यात बाळंत होणार आहे, आणि तिला सासू नसल्याने आई तिकडे दोन महिने राहायचे म्हणते. तिचे उपचारपत्र कन्नडमध्ये आहे. (गडहिंग्लजात कन्नड वाचणारे पुष्कळ आहेत, पण नेमका त्यांच्यापैकीच कोणी औषधाच्या खिडकीवर बसलेला असेल असे नाही.) राज्य बदलल्यावर तिथे गोळ्या मिळतील का? बाळाजवळ तिने जावे का? माझी चार वर्षांची मुलगी आजवर तिच्याच कुशीत झोपत होती, तिचे काय करावे?

उत्तर:
गोळ्यांची काळजी करू नये. निक्षय ही क्षयरुग्णांची सरकारी नोंदणी देशभर एकच आहे; निघण्यापूर्वी आपल्या दवाखान्यातून आईंची नोंद गडहिंग्लजकडे वर्ग करून घ्यावी, निक्षय क्रमांक वेगळा लिहून ठेवावा आणि तिथली सोय लागेपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या सोबत घ्याव्यात. अडल्यास 1800-11-6666 या क्रमांकावर विचारावे. पोषणासाठीचे दरमहा 1000 रुपये (नोव्हेंबर 2024 पूर्वी ते 500 होते) थेट बँक खात्यात जमा होतात, त्यामुळे खाते बदलण्याची गरज नाही.

बाळाबाबत मात्र मी घाई करणार नाही. दुसऱ्या महिन्याअखेर बेडका पुन्हा तपासतात. तो निकाल पाहून डॉक्टर हो म्हणेपर्यंत बाळंतिणीजवळ दुसरे कोणी राहील असे पाहावे. मुलीला मात्र याच आठवड्यात दाखवा. तिला क्षय नाही याची खात्री झाल्यावर पाच वर्षांखालील मुलांना प्रतिबंधक औषध देतात, आणि घरातील मोठ्यांचीही तपासणी त्याच वेळी होते.