‘चाळ’ की ‘घुंगरू’? नर्तकीच्या पायांतल्या शब्दाविषयी

प्रश्न

माझी मुलगी कथक शिकते. तिच्या वर्गाच्या वार्षिक कार्यक्रमाची परिचयपत्रिका लिहिण्याचे काम यंदा माझ्याकडे आले. तीत मी असे वाक्य लिहिले होते : ‘आज या मुली प्रथमच पायांत चाळ बांधून रंगमंचावर येत आहेत.’ मजकूर तपासणाऱ्या एका ज्येष्ठ पालकांनी ‘चाळ’ खोडून तेथे ‘घुंगरू’ लिहिले आणि ‘चाळ तमाशात बांधतात, शास्त्रीय नृत्यात नव्हे’ अशी टीप समासात जोडली. माझ्या आजीच्या बोलण्यात मात्र नाचणाऱ्या प्रत्येकाच्या पायांत चाळच असत. मग तो दारी येणारा वासुदेव असो, पोतराज असो किंवा फडावरची नर्तकी असो. हे दोन शब्द एकाच वस्तूचे आहेत काय, आणि असल्यास त्यांतला एक शास्त्रीय व दुसरा अशास्त्रीय असा भेद मराठीत खरोखर आहे काय? नूपुर, पैंजण आणि घागऱ्या यांचे नेमके अर्थही कोणी स्पष्ट केल्यास आभारी राहीन.

प्रतिसाद

आपले मूळ वाक्य बरोबर होते, आणि ते बदलण्याचे कारण भाषेतले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे दोन शब्द एका वस्तूचे नाहीत. आत खडा असलेली पितळेची किंवा काशाची एकेक पोकळ गोळी म्हणजे घुंगरू. अशी अनेक घुंगरे दोरीत गाठी मारून ओवली म्हणजे जो सर तयार होतो, तो चाळ. मणी आणि माळ यांचे जे नाते, तेच यांचे. म्हणून घुंगरू ओवतात आणि चाळ बांधतात. हिंदीत एका गोळीलाही घुंगरू म्हणतात आणि पायाला गुंडाळलेल्या सबंध सरालाही घुंगरूच म्हणतात. मराठीने त्या सरासाठी वेगळा शब्द राखला आहे, आणि जे वेगळेपण आपल्या भाषेत आयते आहे ते आपणच पुसून टाकावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कथकात हा भेद प्रत्यक्ष उपयोगाचा आहे. लहान मुलांच्या एकेका पायात पंचवीस किंवा पन्नास घुंगरांचा चाळ असतो, पुढे तो शंभरांचा होतो, आणि तयारीच्या नर्तकांच्या पायांत दीडशे-दोनशे घुंगरेही असतात. दोरी घोट्यापासून वर एकावर एक वेढे देत घट्ट बांधली जाते, कारण वेढा सैल राहिला तर तत्काराचे, म्हणजे तालावरच्या पदाघातांचे, बोल स्वच्छ उमटत नाहीत. जुन्या कथकगुरूंविषयी असे आवर्जून सांगितले जाते की, पायाचा आघात हळूहळू कमी करत नेऊन ते शेवटी अवघे एक घुंगरू वाजवून दाखवीत. ‘शंभरांच्या चाळातले एक घुंगरू वाजले’ हे वाक्य मराठीत किती सरळ लिहिता येते, ते पाहावे. सरालाही घुंगरूच म्हटले, तर हेच सांगायला भोवती बरेच शब्द जमवावे लागतील.

शास्त्राचा आधार हवा असल्यास नंदिकेश्वराच्या ‘अभिनयदर्पण’ या नृत्यावरच्या संस्कृत ग्रंथात किंकिणींचे, म्हणजे पायांतल्या लहान घंटांचे, वर्णन आहे. त्या काशाच्या, सुस्वर, सुरूप आणि लहान असाव्यात, निळ्या सूत्रात पक्क्या गाठींनी बांधाव्यात, आणि नर्तकीने त्या पायांत शंभर किंवा दोनशे धारण कराव्यात, असे तेथे सांगितले आहे. धातू, दोरी, गाठ आणि संख्या या चारही बाबतींत हे वर्णन तमाशातल्या चाळांना जितके लागू पडते तितकेच कथकातल्या चाळांनाही. भरतनाट्यमची गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथे घुंगरे चामड्याच्या किंवा जाड कापडाच्या पट्टीवर रांगांनी शिवलेली असतात आणि ती पट्टी पायावर आवळली जाते. तिला तमिळमध्ये सलंगई आणि कन्नडमध्ये गेज्जे म्हणतात. त्या पट्टीला चाळ म्हणताना शब्द किंचित ताणावा लागतो, म्हणून भरतनाट्यमविषयी लिहिताना मी सलंगई हाच शब्द ठेवतो. कथकाच्या बाबतीत असा काहीही अडसर नाही.

मग कथकाच्या मराठी लेखनातून चाळ गेले कोठे? याची एक बाजू निर्दोष आहे. कथक नर्तकी रोहिणी भाटे यांनी १९४७ साली पुण्यात ‘नृत्यभारती’ ही नृत्यसंस्था सुरू केली, तेव्हा आणि त्यानंतरही महाराष्ट्रातली कथकविद्या लखनौ आणि जयपूर या घराण्यांच्या गुरूंकडून आली. विद्येबरोबर तिची भाषाही आली. तोडा, तुकडा, परण, आमद, गतनिकास हे कथकातल्या रचनांचे शब्द आपण जसेच्या तसे घेतले आणि त्यांच्याच रांगेत घुंगरूही येऊन बसले. परंतु तोडा किंवा आमद यांना मराठीत आधीचा शब्द नव्हता, चाळांना होता. दुसरी बाजू मला सलते. ‘पायांत चाळ बांधणे’ हा वाक्प्रयोग शिष्ट समाजाने बराच काळ हेटाळणीने वापरला. मुलीने चाळ बांधले याचा अर्थ ती घराण्याच्या लौकिकाबाहेर गेली असा घेतला जाई. नृत्यवर्ग प्रतिष्ठित घरांत पोहोचले, तेव्हा नाच स्वीकारला गेला आणि शब्द दाराबाहेर राहिला. समासातली ती टीप कोणी वाईट हेतूने लिहिली असेल असे मी मानत नाही, पण तिच्या पाठीशी हा इतिहास आहे.

लावणी कलावती यमुनाबाई वाईकर यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली. तमाशा कलावती विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाने महाराष्ट्र शासन तमाशा क्षेत्रासाठी जीवनगौरव पुरस्कार देते. ज्या कलावतींनी हा शब्द आयुष्यभर पायांत वागवला त्यांचा आपण सन्मान करतो; मग त्यांचा शब्द मुलींच्या पत्रिकेत कमीपणाचा कसा ठरतो?

व्याकरणाविषयी दोन गोष्टी सांगतो. नृत्यातला चाळ पुल्लिंगी आहे आणि बहुधा अनेकवचनी येतो : पायांतले चाळ, चाळ बांधले, चाळ वाजले. राहण्याची चाळ स्त्रीलिंगी आहे, त्यामुळे ‘चाळ बांधले’ आणि ‘चाळ बांधली’ यांत घोटाळा होण्याची भीती नाही. घुंगरू हा शब्द लेकरू, पाखरू, वासरू यांच्याप्रमाणे चालतो. म्हणून अनेकवचन ‘घुंगरे’ आणि सामान्यरूप ‘घुंगरांचा’. अलीकडे वारंवार दिसणारे ‘घुंगरूंचा आवाज’ हे रूप टाळावे.

पुरवणी

वरील विवेचनाशी मी सहमत आहे. प्रश्नातल्या उरलेल्या तीन शब्दांविषयी थोडे लिहिते.

पैंजण हा मुख्यतः दागिना आहे. तो चालताना वाजतो, त्यावर ताल धरून नाचण्यासाठी तो घडवलेला नसतो. नूपुर हे पायातले कडे असून ते आतून पोकळ असते आणि त्या पोकळीत खडे भरलेले असतात. ‘शिलप्पदिकारम’ या तमिळ महाकाव्याची सारी कथा याच रचनेवर उभी आहे : राणीच्या नूपुरात मोती होते आणि नायिका कण्णगीच्या नूपुरात माणके, हे नूपुर फोडल्यावर उघड होते आणि राणीचे नूपुर चोरल्याचा आरोप असलेल्या कण्णगीच्या पतीचे निर्दोषत्व सिद्ध होते.

घागऱ्या हा शब्द आपण सर्वजण दर भाद्रपदात म्हणतो आणि त्याच्याकडे लक्ष देत नाही. ‘रुणझुणती नूपुरे चरणी घागरिया’ या ओळीत नूपुरे आणि घागऱ्या शेजारी शेजारी आल्या आहेत. मला त्यांत पुनरुक्ती वाटत नाही. कडे वेगळे आणि घुंगरांसारख्या लहान घंटा वेगळ्या, अशी दोन्ही भूषणे गणपतीच्या पायांत आहेत. या शब्दाचे मूळ संस्कृत ‘घर्घरिका’ आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त पेरणी नावाच्या नृत्यप्रकाराची पाच अंगे सांगितली आहेत आणि त्यांतले पहिले अंग ‘घर्घर’, म्हणजे पायांतल्या घंटांच्या नादाचे पदकाम, हे आहे. तबल्याबरोबर चाललेला तत्कार आणि ढोलकीला चाळांनी दिलेले उत्तर ऐकताना मला नेहमी त्या अंगाची आठवण होते.

आणखी एक प्रतिसाद

माझा आक्षेप सौम्य आहे. मी स्वतः लखनौ घराण्याच्या गुरूंकडे शिकले. त्यांनी पहिल्यांदा माझ्या हाती सर दिला तेव्हा तो कपाळाला लावायला सांगितला आणि ‘घुंगरू’ हाच शब्द उच्चारला. तो शब्द माझ्यासाठी त्या क्षणाशी बांधलेला आहे, म्हणून मी माझ्या विद्यार्थिनींनाही घुंगरूच म्हणते. तो अशुद्ध ठरवला जाऊ नये, इतकीच विनंती आहे.

पहिल्या प्रतिसादकर्त्याकडून

तो अशुद्ध नाहीच. वर्गात गुरूंचा शब्द चालावा, हे मला पूर्ण मान्य आहे. माझा विरोध केवळ ‘चाळ’ खोडण्याला आहे, ‘घुंगरू’ लिहिण्याला नाही.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हे सारे मी त्या ज्येष्ठ पालकांना वाचून दाखवले. आरतीतली ओळ ऐकल्यावर ते काही वेळ शांत बसले आणि मग समासातली टीप त्यांनी स्वतःच्या हाताने काढून टाकली. छापायला गेलेले वाक्य आता असे आहे : ‘आज या मुली प्रथमच पन्नास-पन्नास घुंगरांचे चाळ पायांत बांधून रंगमंचावर येत आहेत.’